वाफवलेले मोजे

स्तोइमेंका आजींनी माझ्या मुलासाठी, कालोयानसाठी, लोकरीचे मोजे विणून दिले, तेव्हा मी ते दोन बोटांच्या चिमटीत धरले. आजींच्या तळहातांवर आणि कोपरांवर सोरायसिस आहे. चंदेरी पापुद्रे सुटत असतात. त्यांच्यासारख्या साठ जणांचं रक्त दर महिन्याला घ्यायचं आणि चट्टे फुलायच्या आधी त्यातली कोणती प्रथिनं वाढतात ते शोधायचं, हे माझं प्लेव्हेन शहरातल्या प्रयोगशाळेतलं चार वर्षांचं काम. हा रोग स्पर्शानं पसरत नाही. हे वाक्य मी रोज कुणाला ना कुणाला सांगते.

तरी ते मोजे महिनाभर माझ्या टेबलाच्या खणात पिशवीत बांधून पडले होते. कालोयान नऊ महिन्यांचा. हाताला लागेल ते तोंडात.

आजींची पुढची तारीख आली. त्या मोज्यांचं विचारणार हे नक्की होतं. त्या सकाळी मी मोजे कागदी पाकिटात घातले आणि नळ्या निर्जंतुक करायच्या वाफेच्या यंत्रात ठेवून दिले. लोकर वाफेत आटते, हे आईनं मला दहादा सांगितलंय. भीतीपुढे आठवलं नाही.

आजी एकट्या आल्या नाहीत. बरोबर सून दिल्याना, तिच्या कडेवर तीन महिन्यांची नात. दिल्यानानं आजींना अजून त्या बाळाला हात लावू दिला नव्हता. माझ्या तोंडून ऐकवायला आजींनी तिला मुद्दाम आणलं होतं.

"हिला सांगा हो, डॉक्टरीणबाई. मी सांगितलं की म्हातारीचं तुणतुणं वाटतं."

"पसरत नाही," मी म्हणाले. "ही लागण नव्हेच. खुशाल द्या बाळ त्यांच्या मांडीवर."

"शंभर टक्के?" दिल्यानानं विचारलं.

"शंभर टक्के."

तिनं दुपट्याची गाठ सैल करायला घेतली. आजी हात कमरेच्या एप्रनला पुसायला गेल्या, वरून कोट घातलाय हे विसरून. तेवढ्यात आतून माझा सहकारी ग्रोझ्दान आला.

"अगं ए, मोजे शिजवलेस की काय? मीठ तरी घातलंस का?"

त्याच्या हातात अंगठ्याएवढे दोन गोळे होते, घट्ट आटलेले. काठाला आजींनी घातलेला लाल धागा.

"माझेच ते," आजी हळूच म्हणाल्या. "धुतलेत वाटतं."

त्यांनी मला सुटायला वाट दिली होती. मी ती घेतली. "हो ना. डाग पडला होता."

"डागासाठी एकशे एकवीस अंश?" ग्रोझ्दान हसला. मग आमचे चेहरे पाहून आत सटकला.

दिल्यानानं गाठ पुन्हा आवळली. "तुम्ही स्वतः, डॉक्टरीणबाई?"

"घाबरले मी," मी म्हणाले. "सगळं माहीत असून."

"मग काही माहीत नसताना मी घाबरले, तर मी तेवढी दुष्ट का?"

आजींनी बाही वर केली. "रक्त घ्या. बस चुकेल."

शनिवारी मी कालोयानला घेऊन त्यांच्या गावी गेले. बोलावणं नव्हतं. अंगणातल्या बाकावर आजी बसल्या होत्या. मी त्याला सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्या हात अधांतरी धरून बसल्या, जसं काही पोर गरम आहे. त्यानंच त्यांचं बोट पकडलं आणि तोंडात घातलं.

दिल्याना दारात उभी होती. पोराकडे तिचं लक्षच नव्हतं. ती माझ्याकडे पाहत होती.

ते बोट काढायला माझा हात उठला. मी तो मध्येच थांबवून केस सारखे केल्यासारखं केलं.

"पाहिलं मी," ती म्हणाली.

आजींनी बोट सोडवून घेतलं, कोटाला पुसलं आणि कालोयानला माझ्या हातात दिलं. "गार वारा सुटलाय. टोपी घाला त्याला."

आत नात रडायला लागली. आजी अर्ध्या उठल्या, सुनेकडे पाहिलं आणि पुन्हा बसल्या. पसरत नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.