सोमवारी पुढं निघालेला कोट

मी एक कोट बोलतोय. थंडीचा, गुडघ्यापर्यंत येणारा जाडजूड कोट, आणि राहायला सिंगापूरला. हसू येणं साहजिक आहे. इथं माणसं बारा महिने रुमालानं मान पुसत असतात. इथं माझ्यासारख्याचं काय काम, हा प्रश्न मलाही पुष्कळ दिवस पडला होता.

माझ्या पोटात बदकाची पिसं आहेत, बाहेरून मी गडद निळा. अनुया नावाच्या एका पुण्याच्या मुलीनं मला टोरांटोत विकत घेतलं. बर्फ काय असतं ते तिच्या खांद्यावर बसून मी शिकलो. पुढं ती संशोधनासाठी सिंगापूरच्या विद्यापीठात आली आणि मीही तिच्या बॅगेतून आलो. आल्या आल्या कपाटात गेलो. दमट हवेनं कपडे खराब होऊ नयेत म्हणून इथं कपाटात पाणी शोषून घेणारा डबा ठेवतात. तो डबा हाच माझा सोबती. तो भरायचा, रिकामा व्हायचा, आणि मी नुसता टांगलेला.

अनुया पुण्याला परत जायला निघाली तेव्हा तिनं मला इथल्याच बुकित बातोक भागातल्या संजीवनीमावशींकडं दिलं. तेव्हापासून मी सगळ्यांचा झालो. मराठी मंडळींत कुणी थंड देशात निघालं की मावशींना फोन जातो. जपान, कोरिया, स्वित्झर्लंड, सगळीकडं मी जाऊन आलोय. माणसांची गंमत वाटते मला. बर्फ बघायला एवढ्या लांब जातात, पटकन फोटो काढतात आणि धावत आत येऊन चहा मागतात. परत येताना माझ्या खिशात चिक्कीचा चुरा आणि कसली कसली तिकिटं ठेवून जातात.

गेल्या पावसाळी डिसेंबरात मला न्यायला विनीता आली.

विनीता मावशींच्या पलीकडच्या ब्लॉकमध्ये राहते. सोमवार, संकष्टी, चातुर्मासातले नेम, सगळं मनापासून करते, पण कुणावर लादत नाही. तिनं मला हातात घेतलं, आत काय भरलंय ते विचारलं, आणि बदकाची पिसं आहेत हे तिला कळलं. मग तिनं मला हळूच हात जोडले. घरी नेल्यावर देवघरापासून लांबच्या खोलीत टांगलं, पण प्रेमानं टांगलं.

मी लागणार होतो तिच्या मुलीला. निहारिकाला नाटकाचं शिक्षण घ्यायचं होतं, अमेरिकेत. तिची बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. तिकडची कॉलेजं नुसते मार्क बघत नाहीत, समोर उभं करून अभिनय बघतात, आणि ते सगळं ऐन थंडीत. शिकागोतल्या एका हॉटेलात निरनिराळ्या कॉलेजांची माणसं येऊन बसतात आणि जगभरातली मुलं तिथं ऑडिशनला जातात. वडील पद्मनाभ जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात इंजिनीयर. रोज पहाटे कंपनीच्या बसनं जाणारे, मोजकं बोलणारे. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. "एकच हिवाळा," एवढंच म्हणाले होते. यंदा जमलं तर जमलं, नाहीतर इथंच इंजिनीयरिंगला प्रवेश घ्यायचा. निहारिकानं ते मान्य केलं होतं. त्यामुळं हा हिवाळा चुकला असता तर दुसरा नव्हता.

प्रवासाची आखणी विनीतानं स्वतःकडं घेतली. तिनं आयुष्यात बर्फ पाहिलं नव्हतं, पण एखादी गोष्ट ठरल्या दिवशी नेमकी पार पाडायची तर आधी काय काय करावं लागतं, हे व्रतं करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. ऑडिशनच्या आदल्या दिवशी पोचून भागायचं नाही, मध्ये एक मोकळा दिवस हवा. कपडे आणि बूट मोठ्या बॅगेत टाकायचे नाहीत, जवळ ठेवायचे, कारण बॅग हरवते. गरम पाण्याचा थर्मास. थंड हवेत गळा कसा बसतो आणि कसा सुटतो, हे ती येईल जाईल त्याला विचारायची. मला तिचं फार नवल वाटायचं. न पाहिलेल्या थंडीची ती इतकी बारकाईनं चौकशी करत होती, जणू ती घरी राहायला येणारी पाहुणी आहे.

एकदा ती निहारिकाला आणि मला घेऊन सुपरमार्केटात गेली. आइस्क्रीमच्या फ्रीजरसमोर मुलीला उभं केलं, मला तिच्या अंगात चढवलं आणि म्हणाली, म्हण तुझं ऑडिशनचं भाषण. निहारिका लाजेनं लाल झाली, पण म्हणाली. चेन ओढून झटक्यात मला उतरवायचं, दम न लागता उभं राहायचं आणि पहिलं वाक्य बोलायचं, हे दोघींनी तिथं पुन्हा पुन्हा केलं. सामान लावणारा माणूस हातातलं काम ठेवून बघत राहिला. शेवटी त्यानं टाळ्या वाजवल्या.

अडचण आली ती निघण्याच्या दिवसाची. विमान शुक्रवारचं मिळालं होतं आणि कॅलेंडरात त्या दिवसापुढं 'वर्ज्य दिवस' लिहिलेलं. विनीताला तिच्या आजीची एक रीत आठवली.

तुमच्याकडं आता कुणी करतं की नाही, मला माहीत नाही. चांगल्या दिवशी निघणं जमत नसेल, तर त्या दिवशी आपली एखादी वस्तू पुढं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघालं. मग खऱ्या जाण्याच्या दिवशी ती वाटेत उचलून घ्यायची. फक्त ती घरी परत आणायची नाही.

सोमवार चांगला होता. ठेवायला मला निवडलं. पण संजीवनीमावशींनी फोनवर शंका काढली, की वस्तू जाणाऱ्याची स्वतःची लागते आणि हा तर सगळ्यांचा कोट. विनीतानं त्यावरही तोड काढली. रविवारी संध्याकाळी निहारिकानं मला अंगात घालून बसायचं, म्हणजे मी तिचा.

"आई, थर्टी-वन डिग्रीज आहे लाह," निहारिका इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

"मग लवकर होईल तुझा," विनीता म्हणाली.

घामानं ती चिंब झाली आणि मीही झालो. सोमवारी सकाळी माझ्या खिशात हळदीनं माखलेली सुपारी आणि चिमूटभर तांदूळ घालून विनीतानं मला मावशींकडं नेलं. मावशींनी मला बाहेरच्या खोलीत, कॉरिडॉरवर उघडणाऱ्या खिडकीजवळ टांगलं. मी निघालो होतो म्हणे. भिंतीवर टांगलेल्या अवस्थेत आपण प्रवासात आहोत, हा अनुभव मला नवा होता.

पुढचं मी विनीताच्या तोंडून नंतर ऐकलं. मंगळवारी पद्मनाभ कामावरून आले ते फोन हातात धरूनच. शुक्रवार-शनिवारी शिकागोला मोठं हिमवादळ येणार होतं. विमान कंपनी तिकिटाची तारीख फुकट बदलून देत होती, पण जागा फक्त दुसऱ्या दिवशीच्या, बुधवारच्या विमानात होत्या. शुक्रवारचं विमान रद्द झालं तर ऑडिशन चुकणार, हे तिघांनाही कळत होतं. पद्मनाभनी कॅलेंडरकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "उद्या अमावास्या आहे गं. तू ठरव."

अमावास्येला विनीता कधी साधा इथल्या मेट्रोचा, एमआरटीचा लांबचा प्रवासही करत नाही. तिनं देवघरात दिवा लावला. मग म्हणाली, "आपण सोमवारीच निघालोय. कोट गेलाय पुढं. उद्याची घ्या तिकिटं."

सगळं ठरलं आणि मग तिच्या लक्षात आलं, की मी मावशींकडं आहे आणि मावशी घरात नाहीत.

ती अमावास्या म्हणजे इथल्या चिनी लोकांच्या नव्या वर्षाचा पहिला दिवस. जोडून सुट्टी आली म्हणून मावशी मंगळवारीच सहकुटुंब मलेशियात मलाक्काला गेल्या होत्या. किल्ली त्यांच्याबरोबर. दुकानं बंद, दुसरा कोट आणायचा कुठून? मला घरीच ठेवलं असतं तर हा प्रश्नच आला नसता, पण मग मी निघालो कुठं असतो? प्रस्थान ठेवणाऱ्यांनाच असं अडकता येतं.

बुधवारी दुपारी मला कॉरिडॉरमध्ये ओळखीचे आवाज ऐकू आले. मावशींनी मलाक्काहून सांगितलं होतं, की खिडकीची काच सरकते, जमलं तर ग्रिलमधून ओढून घ्या. काच सरकली. ग्रिलपलीकडं विनीता, निहारिका आणि सामान धरून उभे असलेले पद्मनाभ दिसले. हात माझ्यापर्यंत पोचेना.

तेवढ्यात शेजारच्या घरातून लाल ब्लाउज घातलेल्या एक चिनी आंटी बाहेर आल्या. कोण, कुणाच्या घरात, काय चाललंय, अशी त्यांनी कडक उलटतपासणी घेतली. सगळं कळल्यावर त्या आत गेल्या आणि कपडे वाळत घालायचा लांब बांबू घेऊन आल्या. पद्मनाभनी बांबूनं माझा हँगर अलगद उचलला. कारखान्यातली अवघड कामं ते कसे करत असतील, ते मला तेव्हा दिसलं.

ग्रिलपाशी मी अडकलो. बाह्या गेल्या, पोट जाईना. निहारिका माझ्यातली हवा दाबून काढायला लागली, विनीता ओढायला लागली, आणि कशाला तरी लागून माझा खांदा टरकन फाटला. पिसं उडाली. पांढरी, हलकी, वाऱ्याबरोबर सगळ्या कॉरिडॉरभर. विनीता ओढायचं विसरून बघतच राहिली.

"बर्फ असंच पडतं का गं?" तिनं विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. मला होतं, पण मला कोण विचारणार?

मी बाहेर आलो. विनीतानं माझी माफी मागितली आणि मग आंटींकडं झाडू मागितला. आंटींनी तिचा हातच धरला. आज झाडायचं नाही, नव्या वर्षाचं नशीब केराबरोबर निघून जातं. विनीताला हे समजावून सांगावं लागलं नाही. तिनं तिथल्या तिथं मान डोलावली.

"टुडे व्हेरी गुड डे," आंटी निहारिकाला म्हणाल्या. "यू गो. गुड डे टू गो."

विनीता त्यांच्याकडं बघत राहिली. तोच दिवस, तोच न दिसणारा चंद्र. लिफ्टमध्ये ती पद्मनाभना एवढंच म्हणाली, की आंटींचं कॅलेंडर कसं असतं ते आल्यावर बघायला पाहिजे. पद्मनाभ हसले. माझ्या खांद्यावर त्यांनी स्वतःजवळची काळी चिकटपट्टी लावून दिली आणि विमानतळावर मायलेकींना आणि मला सोडून गेले.

वादळ सांगितल्या वेळी आलं. आम्ही तेव्हा शिकागोत पोचून झोपही काढली होती. खरं बर्फ पडायला लागलं तेव्हा विनीता हॉटेलच्या खिडकीला नाक लावून उभी राहिली. नंतर पद्मनाभचं जुनं जॅकेट चढवून बाहेर जाऊन आली, तळहातावर बर्फ घेऊन. ते दाखवायला निहारिकाकडं येईपर्यंत पाणी झालं होतं.

ऑडिशन रविवारी. बऱ्याच मुलांची विमानं अडकली होती, कॉरिडॉरमधल्या कितीतरी खुर्च्या रिकाम्या होत्या. एक मुलगी ओल्या बुटांनी धावत आली, तिला विनीतानं थर्मासमधलं गरम पाणी दिलं. मग निहारिकाचं नाव पुकारलं. तिनं चेन ओढली, मला उतरवलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. दार बंद झालं.

विनीताची जपमाळ बॅगेत राहिली होती. तिनं माझ्या चेनच्या दातांवर बोट ठेवलं आणि एकेक दात पुढं सरकत जप सुरू केला. मी कान टवकारून होतो. दाराआडून एक शब्द ऐकू आला नाही. मध्येच खूप हसणं ऐकू आलं, आणि विनीताचं बोट थांबलं.

निहारिका बाहेर आली ती आईशेजारी धपकन बसली. भाषण ठीक झालं, म्हणाली. मग परीक्षकांनी विचारलं, एवढ्या वादळात लांबून कशी पोचलीस?

"मग मी सांगितलं. ग्रिल, बांबू, सगळं. आंटींचा आवाज काढला, बाबांचा काढला."

"माझा नाही ना काढलास?" विनीतानं विचारलं.

"तुझा तर पहिला काढला. बर्फ असंच पडतं का गं."

विनीतानं तिला माझ्याच बाहीनं हलकेच मारलं. मग तीच बाही तिनं डोळ्यांना लावली.

मार्चमध्ये उत्तरं आली. तीन कॉलेजांनी नाही म्हटलं, एकानं हो म्हटलं. पद्मनाभनी ते पत्र पडद्यावर पुन्हा पुन्हा वाचलं. नंतर त्यांनी विचारलं, "तिकडं थंडी कधी सुरू होते?" आणि लगेच माहिती शोधायला बसले. इंजिनीयरिंगचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

आता ऑगस्ट आलाय, निहारिकाची कॉलेजला जायची वेळ झाली. संजीवनीमावशींनी मला निहारिकाला देऊन टाकलं आहे. पट्टी काढून विनीतानं माझा खांदा निळ्या दोऱ्यानं बारीक टाके घालून शिवला. दुपारी घरात कुणी नसलं की ती कपाट उघडते आणि नुसता हात माझ्या बाहीत घालून थोडा वेळ उभी राहते. मीही तिला माझ्या परीनं निरोप देत असतो.

एक मागणं आहे. तुमच्या कपाटात माझ्यासारखा कुणी टांगलेला असेल, तर त्याला अधूनमधून बाहेर काढा, आणि कुणी मागायला आलं तर देऊन टाका. आम्हाला जागेचा कंटाळा येतो, माणसांचा येत नाही.

त्या बंद दारापलीकडं निहारिका नेमकं काय करते, याची मला अजून फार उत्सुकता आहे. पण मला ते दिसणार नाही. रंगमंचावर जायच्या आधी मला काढूनच ठेवायचं असतं. चालेल. बाहेर कितीही बर्फ पडो, आत जाताना तिचे हात गरम असतील, तेवढं मी बघीन.