झाकणाचा वास

जालिंदरनं किटलीचं झाकण काढलं, नाकाशी धरलं आणि मान हलवली. "चालंल. वता." पुढची किटली आली. आष्ट्याजवळच्या त्या गावात डेअरीवर सकाळी सहापासून हेच चाललेलं. फॅट मशीन सांगायचं, पण दूध नासायला लागलंय का हे आधी झाकणाला कळायचं, आणि ते हुंगायचं काम जालिंदरचं होतं.

रांगेत चौथी त्याची बायको उभी होती, मुक्ताबाई. तिनं सकाळच्या धारेत काल संध्याकाळचं न तापवलेलं दूध मिसळून आणलं होतं. चुकून नव्हे, मुद्दाम.

नवऱ्याची दारू सुटली म्हणून गाव तिचं कौतुक करत होतं आणि ती मात्र डेअरीवर जळत होती. अकरा वर्षं तिनं त्याला रस्त्यावरून उचलून आणलं, पोरांच्या शपथा घातल्या, मिरजेच्या व्यसनमुक्ती केंद्रात दोनदा नेलं. दोन्ही वेळा महिनाभरात ये रे माझ्या मागल्या. मग डेअरीचे सेक्रेटरी लालासाहेब म्हणाले, "आणखी एकदा जाऊन ये, मग कामावर घेतो," आणि गडी सात महिने कोरडा! आता पावणेपाचला आपण होऊन उठायचा, दाढी करायचा. तिच्या सख्ख्या भावाच्या लग्नात मात्र त्याला दाढी करायला जमलं नव्हतं.

घरी आला की तो उंबऱ्यात थांबून "हा" करायचा. ती तोंडाचा वास घ्यायची आणि मगच आत सोडायची. निदान एवढं तरी आपलं आहे, असं तिला वाटायचं.

पण काल शेजारची शालूबाई रांगेत बोलून गेली, "मुक्ते, परवा तुझ्या मालकाला तलफ आलेली म्हनं. लालासाहेबांफुडं लय रडला. त्यांनी च्या पाजून बसवून ठिवला. तुला सांगितलं आसंल की."

तिला कुणीच सांगितलं नव्हतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. रडायचं तेसुद्धा डेअरीत जाऊन? काल संध्याकाळी तिनं अर्धं दूध मागं ठेवलं ते त्या रागात. आपलं दूध त्यानं मुकाट्यानं घेतलं तर तो आपला. नाही घेतलं तर डेअरीचा. घेतलं तर सगळा कॅन नासेल, त्याचं काम जाईल आणि कामामागून काय येईल, हेही तिला कळत होतं. तरी ती रांगेतून हलली नाही.

जालिंदरनं झाकण नाकाशी धरलं आणि थांबला. पुन्हा हुंगलं. मग तिच्याकडं बघितलं. तिनं नजर वळवली नाही.

"काय रं जालिंदर?" लालासाहेबांनी टेबलावरून विचारलं.

"ह्ये न्हाई घेता येत," तो म्हणाला. झाकण नीट दाबून बसवलं आणि किटली तिच्या हातात दिली. "घरी जा, मुक्ता."

सगळ्या रांगेदेखत ती परत फिरली. घरी येऊन तिनं दूध उकिरड्यावर ओतलं आणि किटली घासायला घेतली.

नऊला तो आला. उंबऱ्यात थांबला, तोंड उघडलं. ती उठली नाही.

"तलफ आली तवा मला का न्हाई सांगितलं?" तिनं विचारलं. "आकरा वर्सं मी काय कमी केलं तुमचं?"

तो उंबऱ्यावरच बसला.

"तुला सांगितलं आसतं तर तू आधी माझं तोंड हुंगलं आसतंस," तो म्हणाला. "तुझं चुकत न्हाई, मुक्ता. मीच तशी येळ आनली. पर तितं माझा वास कुनी घेत न्हाई गं. तितं मी घेतो."

मुक्ताबाईला बोलायचं खूप होतं. डेअरीचा राग अजून गेला नव्हता, लालासाहेबांचा तर मुळीच नाही. ती पदराला हात पुसत उठली आणि किटली त्याच्यापुढं धरली.

"बघा बरं, वास ऱ्हायलाय का. सकाळी ह्यातच दूध घालायचंय."

त्यानं किटलीत नाक घातलं, मग झाकण हुंगलं.

"किटली चांगली हाय. झाकन आजून एकदा धू."

ती खाली बसली आणि झाकणाला पुन्हा राख लावू लागली. तो तसाच उंबऱ्यावर बसून होता.

"आत या की," ती मान वर न करता म्हणाली.