सकाळी सातचं पाणी

मुलांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही जहाजाच्या पोटातल्या एका बिनखिडकीच्या खोलीत बसला आहात. कानांवर जाड हेडफोन. जहाज पाण्यात ‘टिंग’ असा आवाज सोडतं. तो कुठे पाणबुडीवर आपटला, तर परत येतो. तो परतीचा आवाज तुम्ही टिपायचा. खोकायचंसुद्धा नाही!

टिटवीची आई हेच काम करायची, चौदा वर्षं. टिटवी हे काही खरं नाव नव्हे. ही पोर प्रश्न विचारायला लागली की थांबायची नाही, म्हणून घरात पडलेलं नाव.

त्या आठवड्यात आई घरात गप्प गप्प होती. टेबलावर नौदलाचा एक कागद पडला होता. टिटवीने तो वाचलाच. ‘सरावाच्या वेळी आपण झोपलात, म्हणून पाणबुडी निसटली. शुक्रवारपर्यंत खुलासा द्या. अन्यथा आपली बदली गोदामात.’

“तू झोपलीस?” टिटवीचा विश्वास बसेना.

“झोपते कसली! आवाज परत आलाच नाही तर ऐकू काय?”

“का नाही आला?”

आईने भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली. “तुम्ही दहाजणी हात धरून, एका आडव्या ओळीत धावताय समज. डावीकडच्या चौघींचे पाय चिखलात गेले. काय होईल?”

“त्या मागे पडतील. मग सगळी ओळ डावीकडे वळेल.”

“आवाजाचंही तसंच. गार पाण्यात तो हळू चालतो, म्हणून गार पाण्याकडेच वळतो. दुपारी उन्हाने वरचं पाणी तापतं, खालचं गारच राहतं. मग आमचा आवाज सरळ न जाता खाली वाकतो. त्या वाकलेल्या वाटेपलीकडे एक मुकी जागा उरते. तिथे आवाज पोचतच नाही. पाणबुडीवाल्यांना ती जागा बरोबर सापडते.”

“आणि तुम्हाला?”

“आम्हालाही सापडते, पण वेळोवेळी पाण्यात तापमापी सोडून बघावं लागतं. त्यासाठी जहाज हळू करावं लागतं. त्या दिवशी सकाळी सातला मोजलं होतं. सराव दुपारी दोनला. मी खालून जहाजाच्या फोनवर कप्तानसाहेबांना दोनदा म्हटलं, साहेब, पुन्हा मोजू या. तर म्हणतात, ‘बाई, ही काय टॅक्सी आहे, हात केला की थांबायला?’”

“मग तसं लिहून दे की खुलाशात!”

“दिलं. ते म्हणतात, असं बोलणंच झालं नाही. फोनवरच्या बोलण्याची नोंद कुठे असते?”

बघा, कशी गंमत आहे! जहाज थांबवायला नको म्हणणारा मोकळा, आणि खापर कुणाच्या डोक्यावर, तर जिने दोनदा सांगितलं तिच्या. चौदा वर्षं जिच्या कानांच्या भरवशावर सगळं जहाज निश्चिंत झोपलं, तिलाच झोपाळू ठरवायचं!

गुरुवारी तेच साहेब टिटवीच्या शाळेत पाहुणे म्हणून आले. पांढरा शुभ्र गणवेश, खिशावर पट्ट्या. सभागृह भरलेलं. समुद्राच्या चार गोष्टी सांगून झाल्यावर ते हसत म्हणाले, “आणि आमच्याकडच्या एक बाई तर हेडफोन लावून चक्क घोरत होत्या! पाणबुडी शेजारून गेली, पत्ता नाही!”

मुलं खो खो हसली. पुढच्या रांगेत शिक्षकही हसले. टिटवीचे कान तापले. ती उभी राहिली.

“साहेब, त्या दिवशी पाण्याचं तापमान किती वाजता मोजलं होतं?”

“अरे वा, हुशार मुलगी! सकाळी सात वाजता. आमच्याकडे शिस्त असते.”

“आणि पाणबुडी निसटली ती?”

“दुपारी. दोनच्या सुमारास.”

“मधे पुन्हा मोजलं होतं?”

“गरज नव्हती.”

“पण उन्हाने पाणी तापतं ना? मग आवाज वाकतो. गरज नव्हती असं कोण म्हणालं?”

“मीच म्हणालो! जहाज काय कुणी सांगितलं म्हणून थांबवायचं?” साहेबांचं हसू आटलं. “तू कोण ग?”

“तुम्ही आत्ता ज्यांना घोरायला लावलंत, त्यांची मुलगी.”



“हे बघ बाळ, ती आपली गंमत होती. बस खाली.”

टिटवी बसली नाही. ती सरळ व्यासपीठावर गेली. तिथे पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही आणि पेन ठेवलं होतं. तिने वही त्यांच्यापुढे सरकवली.

“आत्ता जे बोललात तेवढंच लिहा. सकाळी सात, दुपारी दोन, आणि मधे मोजायला नको म्हणालो.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “मला उशीर होतोय,” असं पुढच्या रांगेतल्या मुख्याध्यापिकांना, मोठ्या बाईंना, म्हणत ते टोपी उचलून दाराकडे निघाले. मोठ्या बाईही शाळेच्या रिवाजाप्रमाणे त्यांना पोचवायला उठल्या.

टिटवीने वही स्वतःकडे ओढली. ऐकलेली तिन्ही वाक्यं भरभर, पण नीट अक्षरात लिहिली, खाली तारीख घातली. मग वही छातीशी धरून ती व्यासपीठावरून उतरली आणि मोठ्या बाईंच्या वाटेतच जाऊन उभी राहिली.

“बाई, तुम्ही ऐकलंत ना?” तिने पेन पुढे केलं. “मग इथे सही करा.”