एका नंबरचे दोन धनी

आमच्या इस्पितळाच्या संगणक-खोलीतला तापलेल्या धुळीचा वास अजून नाकात आहे. संगणक मोजके होते तेव्हा प्रत्येकाला नेटवर्कवरचा नंबर, म्हणजे त्याचा पत्ता, मी हाताने द्यायचे, वहीत लिहून. ते शंभरावर गेले तेव्हा ते काम पडद्यामागच्या एका प्रोग्रामकडे गेलं. संगणक सुरू झाला की नंबर मागायचा, प्रोग्राम मोकळा असेल तो देऊन टाकायचा. रक्ततपासणीच्या यंत्राला मात्र मी पूर्वीच कायमचा नंबर दिला होता. तो दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, एवढं प्रोग्रामला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. दोन वर्षं ते खपलं.

एका सकाळी वीज जाऊन आली. सगळे संगणक एकदम जागे झाले. रक्ताचं यंत्र उशिरा उठलं, तोवर त्याचा नंबर चौकशीच्या खिडकीवरच्या नव्या संगणकाला मिळाला होता. रिपोर्ट शस्त्रक्रियेच्या खोलीत पोचेनात. आत एक बाई टेबलावर ताटकळत पडलेली.

"तात्या, तुमचीच वायर!" मोठे साहेब कडाडले.

तात्या आमचे वायरमन. दुखरे गुडघे टेकत टेबलाखाली शिरले. "वायरीला कान असते तर साहेबांच्या आवाजानेच नीट झाली असती," आतून म्हणाले.

कोणी हसलं नाही. माझ्या पडद्यावर तो नंबर दोनदा दिसत होता. मी गुपचूप चौकशीचा संगणक दुसऱ्या नंबरावर हलवला. रिपोर्ट धडाधड निघाले.

"हललेली होती ना वायर? बघा!" साहेब म्हणाले.

तात्या माझ्याकडे बघत उभे राहिले. मी कीबोर्ड पुसत बसले.

महिन्याभरात त्यांना भांडारात टाकलं, खोकी मोजायला. त्या बाजूने जायचं मी टाळायचे.

ते निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी मी धीर करून त्यांच्या घरी गेले. काकूंनी पाणी दिलं आणि आत गेल्या. मी सगळं सांगून टाकलं.

"वायर धड होती हे ठाऊक होतं मला, पोरी. दोन्ही टोकं तपासली होती मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलतेस का, ते बघत होतो."

मग आतल्या दाराकडे वळून त्यांनी हाक मारली, "अगं, चहा टाकू नकोस. निघालीये ही."