बिनहत्यारांची देवी

"देव काढा, पण हत्यारं नकोत," असं मोठ्या डॉक्टरीणबाईंनी फर्मावलं आणि पेंटरच्या डोक्यात तिडीक गेली. चाळीस वर्षं पाट्या आणि देव रंगवलेला माणूस तो! पण मुलांच्या वॉर्डाची भिंत त्याने मुकाट्याने अंगावर घेतली, कारण खिडकीजवळच्या खाटेवर त्याची सहा वर्षांची नात होती, पोटात लिंबाएवढी गाठ घेऊन. गुरुवारी ऑपरेशन. तिला शेजारच्या भिंतीवर देवी हवी होती, आणि ऑपरेशनच्या आधी ती काढून देतो असा आजोबांनी शब्द दिला होता.

"पुराणातलं काहीतरी शांत बघा," बाई म्हणाल्या. "मुलं घाबरतात हो."

शांत म्हणे! पेंटरने दोन दिवस डोकं खाजवलं. विष्णू घ्यावा तर एका हातात चक्र, दुसऱ्यात गदा. शंख तेवढा गरीब, तर तोही लढाई सुरू करायलाच फुंकायचा. शंकराकडे त्रिशूळ. समुद्रमंथन बरं वाटलं, देव-दानव मिळून काम करतायत. पण अमृत वर आलं न आलं तोच हाणामारी. बासरीवाला दिसायला गोजिरा, पण त्याने अंगावर पीत असतानाच राक्षसिणीचा निकाल लावलेला. गणपती तर सख्ख्या बापाशी लढून डोकं घालवून बसला. शेवटी ब्रह्मदेव सापडला. हातात पोथी, कमंडलू, भानगड नाही. पेंटर खूश झाला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की दैत्यांना वर देऊन सगळ्या लढाया लावून देणारा हाच! वर देऊन हा मोकळा, निस्तरायचं बाकीच्यांनी.

मग त्याने चिडून नातीच्या उशाशी अष्टभुजा काढली आणि आठही हात रिकामे सोडले. काय ध्यान दिसत होतं! चौकातल्या पोलिसासारखी देवी आठ हातांनी रहदारी अडवत उभी. पायाशी महिषासुर होता खरा, पण देवीबाई बाजारात रेडा बघायला आल्यात असंच वाटत होतं. वॉर्डातली पोरं खो खो हसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वा, किती प्रसन्न!"

नात मात्र हसली नाही.

"आजोबा, हिची हत्यारं कुठे गेली?"

"बाईंनी काढून घेतली."

"मग ही माझ्या गाठीला मारणार कशी?" पोरीने भोकाडच पसरलं. "मी नाही जाणार आत! नाही म्हणजे नाही!"

आई समजावून थकली, नर्स थकली. शेवटी डॉक्टरीणबाई धावत आल्या आणि खाटेवर टेकल्या. "अगं वेडाबाई, घाबरतेस काय? आपण त्या गाठीवर हल्ला करणार आहोत! तुझ्या रक्तात केवढे सैनिक आहेत. वर माझं औषध, एकदम रामबाण. तो शत्रू एकटा आणि आपण एवढे!"

पेंटरने ब्रश खाली ठेवला. "बाई, हे कुठलं शांत पुराण म्हणायचं?"

 बाई उठल्या, कोट झटकला आणि म्हणाल्या, "द्या हत्यारं. पण रक्त नको."

बुधवारी दिवसभर नातीच्या देखरेखीखाली काम चाललं. त्रिशूळ, चक्र, गदा, तलवार, धनुष्य, बाण, अंकुश. आठव्या हातात पेंटर ढाल काढणार, तोच ती म्हणाली, "तो रिकामा ठेवा. आणि खाली घ्या, मला पोचेल असा."

"का गं?"

"आत तुम्ही कोणीच नसणार ना. जायच्या आधी एकदा धरून घेईन."

पेंटरने चष्मा पुसला, तर रंगाचं बोट काचेवरच लागलं. 

गुरुवारी सकाळी त्याने तो तळवा लालभडक रंगवून पुरा केला. चाळीस वर्षांत एकाही कामाशेजारी 'रंग ओला आहे' ही पाटी लावायला तो विसरला नव्हता. आज विसरला. नातीला न्यायला आले तेव्हा तिचा उजवा पंजा लालेलाल! नर्सने कपाळावर हात मारला आणि पोरीचा पंजा खसाखसा पुसला. पोर मात्र खुशाल हसत आत गेली.

तीन तास पेंटर बाकावर बसून होता. देव त्याने हजारोंनी रंगवले होते, पण मागितलं कधी काही नव्हतं. आज मात्र तो मागत होता, न लाजता.

दार उघडलं. "निघाली गाठ, सगळी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साधी होती. घाबरायचं कारण नाही."

 पेंटरने बाईंचा हात दोन्ही हातांत धरला, आणि बघतो तर काय, धुवून धुवून पांढऱ्या पडलेल्या त्या तळव्याच्या रेघांत लाल रंग बसलेला.

"बाई, हे..."

"वर हातमोजे होते!" बाई खेकसल्या. "आणि काय हो पेंटर, रंग ओला होता तर तशी पाटी नको लावायला?"