टिडवेल कोचचं शेवटचं गाव

रॉइस टिडवेल सकाळी पेपर उचलायला बाहेर आला, तर त्याच्या अंगणात ‘घर विकणे आहे’ अशा चार-पाच पाट्या खोचलेल्या. घर विकायचं त्याच्या मनातही नव्हतं. पण कॅन्ससमधल्या त्या कॉलेजच्या गावात अमेरिकन फुटबॉलची, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाची, टीम ओळीनं हरायला लागली, की लोक कोचला गाशा गुंडाळायला असंच सुचवतात. एका पाटीवरचं अक्षर तर शेजारच्या हार्लनचं होतं. हा गावचा दातांचा डॉक्टर. परवाच त्यानं रॉइसची दाढ गोड बोलत भरून दिली होती.

रॉइसला गाशा गुंडाळायची सवय होती. कोचगिरीपायी त्यानं आठ गावं पालथी घातली होती. बायको जोलीन मात्र आता विटली होती. इथं तिनं पडदे शिवले होते, चर्चमध्ये गाणाऱ्यांत जागा पटकावली होती, जिवाभावाची मैत्रीण जोडली होती.

"मी आता हलणार नाही," ती म्हणाली. "जायचं तर तू एकटा जा."

ती शांतपणे बोलली की त्यावर अपील नसे, हे रॉइसला ठाऊक होतं.

शनिवारचा शेवटचा सामना हरला तर नोकरी गेलीच. कॉलेजच्या अध्यक्षांनी ‘कोचवर आमचा पूर्ण विश्वास आहे’ असं जाहीर केलं, तेव्हाच सगळे काय ते समजले होते.

शेवटच्या मिनिटाला रॉइसनं जिवावर उदार होऊन चेंडू टीममधल्या सगळ्यात जाड्या पोराच्या हातात द्यायला लावला. त्या बिचाऱ्यानं सामन्यात कधी चेंडू धरला नव्हता. मागे लागलेल्यांना घाबरून तो जो सुटला तो रेषेपलीकडे जाऊनच पडला. जिंकले! लोकांनी रॉइसच्या डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतली. हार्लननं तर त्याचा मुकाच घेतला.

रविवारी एका बड्या विद्यापीठाचा फोन आला. असाच धाडसी कोच त्यांना हवा होता. या फोनची रॉइसनं उभा जन्म वाट पाहिली होती. विचार करून कळवतो म्हणून तो हरखून स्वयंपाकघरात धावला आणि बातमी सांगितली. तिथे हार्लन मॅकरोनीचं भांडं घेऊन आलेला. त्याचा चेहरा पडला.

"आम्हाला पोरकं करू नकोस रे," तो म्हणाला.

"परवापर्यंत तूच मला हाकलत होतास."

"तेव्हा तू हरत होतास."

रॉइसनं मोठ्या आशेनं जोलीनकडे पाहिलं.

"ते तुला हाकलत होते तेव्हा मी तुझ्या बाजूनं होते," ती म्हणाली. "आता मी गावाच्या बाजूनं आहे." आणि तिनं हार्लनसमोर ताटली ठेवली.

रॉइसला वाईट वाटलं, फार वाटलं. त्यानं फोन लावून नकार दिला. पलीकडच्यांना खरंच वाटेना. दुसऱ्या कुणाचं याहून चांगलं बोलावणं आलंय का, त्यांनी विचारलं.

"बोलावणं नाही," रॉइस म्हणाला, "हुकूम आहे."