शंभर कडक भाकरी

सासूला आमच्या घरी अत्ती म्हणतात. अत्ती मुंबईहून परत आल्या, त्या दिवसापासून सोलापुरात राहूनही आमच्या घरात मुंबईशिवाय विषय नव्हता. धाकटा दीर अनिलकुमार तिकडे वरळीला राहतो. त्याच्या बायकोने, रेश्माने, पंधरा दिवसांत सासूला असं काही फिरवलं, की अकरा वर्षं त्यांचं पथ्यपाणी करणारी थोरली सून अत्तींना दिसेनाशीच झाली. ती थोरली म्हणजे मी, धनलक्ष्मी.

"रेल्वे जमिनीच्या पोटातनं जाती की," अत्ती शेजारणीला सांगायच्या. "गार हवा. घाम म्हणून न्हाय. जिना आपला आपण वर जातो, पाय उचलायचं काम न्हाय. रेश्मानं हात धरला हुता."

मग समुद्रावरचा पूल यायचा, गेटवेपुढचा फोटो यायचा, दुमजली लाल बस यायची, आणि प्रत्येक गोष्ट शेवटी रेश्मावर येऊन थांबायची. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू? गुडघ्यांना तेल चोळायला मी, दवाखान्यात रांगेत बसायला मी, आणि हात धरला रेश्माने. पंधरा दिवस.

नवऱ्याजवळ रडगाणं गायले तर संगमेश हसला. "मग तू बी ने की कुटंतरी."

नेलं. रिक्षा केली, सिद्धेश्वराचं दर्शन घडवलं, किल्ल्याची तटबंदी दाखवली आणि तळ्याकाठी सावलीत बसवलं. अत्तींनी बराच वेळ पाण्याकडे पाहिलं.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पण ह्याचं पल्याडचं टोक दिसतं."

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही उगीच नाही. घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

दोन महिन्यांनी अत्तींनी पुन्हा मुंबईचं काढलं. "धना, शंभर कडक भाकरी कर," त्यांनी मला सांगितलं. "लई पातळ कर."

शंभर! अत्ती दिवसाला एक भाकरी खातात. म्हणजे तीन महिने झाले. तीन महिने राहिलेलं माणूस मग कशाला परत येतंय? किती दिवसांसाठी जाताय, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांच्यासमोर रडू आलं असतं, आणि ते मला नको होतं.

ज्वारीची कडक भाकरी करायला जीव लागतो. तव्यावर भाजून झाली की मंद आचेवर दाबून दाबून शेकायची, मग उन्हात ठेवायची. पाण्याचा अंश राहता कामा नये. अशी भाकरी तीन महिने नासत नाही, आणि आमच्या गल्लीत माझ्या भाकरीचं नाव आहे. पहिल्या तीस मी तशाच केल्या. एकतिसावी थापताना मनात आलं, गव्हाची चपाती तर यांना पचत नाही. भाकरी नासल्या तर काय खातील? उरलेल्या सत्तर मी अर्ध्याकच्च्या शेकल्या, वाफ जिरायच्या आत डब्यात भरल्या आणि वर कडक भाकरींचा थर लावला. म्हातारी महिन्याभरात झक मारत परत येईल, असं मी मनात म्हणाले. अगदी याच शब्दांत म्हणाले.

सहाव्या दिवशी त्यांचा फोन आला.

"धना, खालच्या समद्या भाकरींना बुरशी लागली गं."

"तिकडची हवा दमट हाय, अत्ती," मी सगळं समुद्रावर ढकललं.

"व्हय. दमट तर हायच. पण माज्यासाठी न्हवत्या त्या. मागल्या खेपेला रेश्माच्या बिल्डिंगमधल्या बायका रोज नवं सांगायच्या. पूल बघा, मेट्रो बघा. मी म्हटलं, तुमचं समदं बघते, पण माज्या थोरलीची भाकरी तुमी बघितली न्हाय. तीन तीन महिने ऱ्हाती. फुडल्या खेपेला आणते म्हणून कबूल केलं हुतं. वीस घरं, घरटी पाच."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. आज बायका जमल्या, त्यांच्याम्होरंच डबा उघडला. मी म्हटलं, थोरली आजारी हुती, म्हणून मीच केल्या. आता हात चालत न्हाय माजा."

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. फोन ठेवून द्यावासा वाटला, पण ठेवला नाही.

"अत्ती, मी मुद्दाम..."

"ठाऊक हाय. अकरा वर्सं खाते तुज्या हातचं." पलीकडे रेश्मा काहीतरी विचारत होती, तिला त्यांनी थांब म्हटलं. "उद्या निघते हितनं. परतीचं तिकीट तर जायच्या आधीच काढलं हुतं. तू इचारलंच न्हाईस."